आधी ठोक, मग तेल

बातमी आली तेव्हा मी दुकानात तारेच्या ब्रशांचा खोका फोडत होते. नाटे बंदराच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे आणि एस.टी.च्या थांब्यासमोर आमचं हार्डवेअरचं दुकान. आगोट आली, म्हणजे पाऊस तोंडावर आला की गिऱ्हाईक दम घेऊ देत नाही... ताडपत्री, दोर, खिळे, छपराचे पत्रे. त्या गर्दीत होडीवाल्या दामू तांडेलांची बायको सरू अनवाणी आली आणि काउंटर धरून उभी राहिली. "वयनी, शटर ओढ. कुंदाक्काला लागलाय." कुठे, म्हटलं. "डोक्याला." शुद्धीवर आहेत का, म्हटलं. तिने माझ्या हातातला ब्रश काढून काउंटरवर ठेवला, आणि मला कळायचं ते कळलं. किनाऱ्यावर पोचले तर माणसांचं कोंडाळं, वाळूत अर्धी वर आलेली होडी, आणि मध्ये आमचा मिनी ट्रॅक्टर अजून फटफटत उभा. वन्संना उतरवून वाळूत निजवलं होतं. कोणीतरी तोंडावर टाकलेला टॉवेल लाल झाला होता. गियर कोणीतरी काढला होता, पण इंजिन बंद करायला कोणाचा हात गेला नव्हता. मी आधी इंजिन बंद केलं, मग टॉवेल उचलला. हा क्रम गावातल्या बायकांना आवडला नाही, असं मागाहून कानावर आलं. वन्संना आवडला असता.

कुंदा ही माझ्या नवऱ्याची, मोहनची, थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायचे, गाव तोंडावर कुंदाक्का म्हणायचं आणि पाठीमागे 'घण'. उंच, रुंद हाडाची बाई. साडीवर मोहनचा जुना शर्ट आणि कमरेला खोचलेली लहान हातोडी, हा त्यांचा बारमाही वेष. त्यांचं लग्न राजापुराच्या वरच्या अंगाला झालं होतं. नवरा हात उगारायचा. काही दिवस त्यांनी सोसलं, आणि मग एकदा तोच उगारलेला हात मनगटाला धरून दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार लावलं. "हाड मोडतानाचा आवाज वेगळाच असतो गो, ओल्या फांदीसारखा," हे त्यांनी मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं होतं, एखाद्या आमटीची कृती सांगावी तसं. त्याच पावली त्या माहेरी आल्या. नांदायला गेलेली मुलगी परत आली की आमच्याकडे तिला कोणी हाकलत नाही. पडवीत तिची वळकटी राहते, चुलीपुढे तिचा पाट राहतो, आणि कोणी पाहुणा आला की ती आतल्या आत जाते. वन्संनी अशी काही वर्षं काढली. भांडी त्या अशा घासायच्या की त्यांना पोचे पडायचे.

मग गोठ्यातला शेवटचा बैल गेला आणि भाताच्या कोपऱ्यांत, म्हणजे लहान खाचरांत, नांगर कोण घालणार हा प्रश्न उभा राहिला. मोहनची नोकरी लांब पोफळी गावात, तो शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जाणार. त्याने घाटावरून एक वापरलेला मिनी ट्रॅक्टर आणला. लाल, चकचकीत, नव्या नवरीसारखा. वन्संनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, वर चढल्या, आणि संध्याकाळपर्यंत पेरूचं एक झाड आणि दगडी गडग्याचा तुकडा पाडून चालवायला शिकल्या. त्या पावसाळ्यातच त्या लाल रंगाला फोड आले. वन्संनी एका फोडावर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. खाली पत्रा नव्हताच. गंजून भोकं पडलेल्या जागी रंगारी भरतात ती लांबी भरली होती आणि वरून रंग मारला होता. त्यांनी हातोडी घेतली आणि अंगणात बसून सगळी लांबी फोडून काढली. सकाळी सुरू केलं ते जेवायलाही उठल्या नाहीत. मडगार्डातून पलीकडची तुळस दिसायला लागली. मोहन शनिवारी आला, फसलो म्हणून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." वन्सं ट्रॅक्टरच्या पुढे उभ्या राहिल्या. "हात लाव बघू." मोहनचा स्वभाव भांडणाचा नाही, पण त्या दिवशी तोही चिडलेला होता. "ठीक आहे, आक्का. चालेल तोवर तुझा. ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी भंगारवाला येणार, आणि मग तू आपली घरात बसायचं."

हे वाक्य त्या विसरल्या नाहीत, मीही नाही. त्यामुळे पुढची सगळी वर्षं त्या ट्रॅक्टरच्या गंजाशी वन्संचं जे चाललं ती देखभाल नव्हती, मारामारी होती. ट्रॅक्टर चालू असेल तर चिखलणीला वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत त्यांच्या नावाने हाक येणार. तो बंद पडला की त्या पुन्हा भावाच्या घरातलं एक जास्तीचं ताट. इथे समुद्राचा वारा दाराच्या कडीलाही सोडत नाही. रात्री पुसून ठेवलेला पाना सकाळी तांबूस झालेला असतो. वन्सं त्याला 'गंज लागला' असं कधी म्हणत नसत. "चावलान," म्हणायच्या, कुत्र्याबद्दल बोलावं तसं.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी ठोक, मग तेल, मग पाना. जाम झालेल्या बोल्टाला पहिल्यांदा पाना लावलात तर डोकं गोल होतं आणि बोल्ट कायमचा बसतो. आधी चारी बाजूंनी ठोकायचं, आतला गंज तडकवायचा, मग डिझेल नाहीतर जळकं ऑइल सोडून रात्रभर ठेवायचं, आणि मग पाना. "आधी मार, मग माया," असंही म्हणायच्या, आणि वर मोहनकडे बघून, "माणसाला पण हेच." पण ठोकण्याचा खरा उपयोग वेगळा होता. त्या ठोकून ऐकायच्या. लोखंड धड असेल तर 'टण' बोलतं, आतून खाल्लेलं असेल तर 'बद्द'. मग तो नाद इतका लागला की दिसेल त्या लोखंडाला हातोडी लावल्याशिवाय त्या पुढे जात नसत. देवळाची घंटा अडकवलेला गज, शाळेचं फाटक, माझ्या दुकानातला वजनकाटा. थांब्यावरचा एस.टी.चा खांब 'बद्द' बोलला तेव्हा त्यांनी दुसरा ठोका घातला आणि खांब पाटीसकट रस्त्यावर आडवा झाला. सरपंच भांडायला आले. "शाळेच्या पोरांवर पडला असता त्यापेक्षा तुमच्यासमोर पडला, काय वायट झाला?" सरपंच म्हणाले, "अगो, पडला नाय, तू पाडलंस." "मेलेल्याला पाडत नायत, उचलतात. माणसं बोलवा."

त्यांच्या सोबत राहणं सोपं नव्हतं, हे लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. बारीक नट-बोल्ट साफ करायला त्या बिंबलं, म्हणजे झाडाची ती आंबटढाण फळं, ठेचून त्यांच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. गंज बऱ्यापैकी सुटतो, कोणीही करून बघावं. फक्त त्यासाठी माझं माशाचं टोप घेऊ नये. "वन्सं, ते माशाचं टोप आहे." "आता बोल्टाचा." "आणि सार कशात करू?" "त्येच्यातच कर, रक्त वाढेल. पांढरीफटक झाल्येस." ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावला की त्याच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात. एकदा एक तार त्यांच्या गालात डोळ्याखाली घुसली. मी आरसा धरला, त्यांनी पक्कड घेतली आणि काटा काढावा तशी ती उपसली. रक्त शर्टाला पुसून पुन्हा ग्राइंडर चालू केला. मग मी दुकानातून काम करायचा चष्मा आणला आणि ग्राइंडरच्या दांड्यालाच दोरीने बांधून टाकला. चार दिवस मला शिव्या घालून पाचव्या दिवसापासून तो घालायला लागल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत केली नाही, ट्रॅक्टरला रंग लावला नाही. मी रंग विकते, त्याचे फायदे मला माहीत आहेत. गंज पुरता खरवडून, रेड ऑक्साईडचा हात मारून वर रंग दिला तर पत्रा टिकतो. वन्संना ते पटायचं नाही. "रंग म्हणजे गंजाचा पांघरूण. आत काय चाललाय ता दिसत नाय. उघडा लोखंड निदान तोंडावर बोलतो." म्हणून आमचा ट्रॅक्टर उघड्या पत्र्याचा, जळक्या ऑइलने माखलेला, काळाकुट्ट. गणपतीला आलेले चाकरमानी त्याला म्हैस म्हणायचे. एका वर्षी मोहनला त्याची लाज वाटली. वन्सं वेळणेश्वराला कोणाच्या तरी बारशाला गेल्या असताना त्याने एक रंगारी आणून ट्रॅक्टर पुन्हा लाल करून घेतला. बहिणीला खूश करावं, एवढाच त्याचा हेतू होता. वन्सं परत आल्या तेव्हा आरतीला घर भरलेलं होतं. अंगणातून खरवडण्याचा आवाज यायला लागला. मोहन बाहेर गेला आणि उरलेल्या रंगाचा डबा त्याच्या खांद्यावरून येऊन दाराच्या चौकटीवर फुटला. भिंत, झांजा, मोहनचा पांढरा सदरा, सगळं लाल. "माझ्या पाठी माझ्या लोखंडाचं तोंड बंद करतोस?" मोहनने हात उगारला. आणि मग त्याची नजर चौकटीवर गेली असावी, कारण हात आपोआप खाली आला. आरती तशीच पुरी झाली, थोडी घाईत.

आता होड्यांबद्दल सांगायला हवं. पूर्वी आगोटीला गावातले पुरुष दोराला लागून होड्या वर ओढायचे आणि झावळ्यांनी शाकारून ठेवायचे. आता पुरुष मुंबईत, होड्या इथे. म्हणून दामू तांडेलांनी वन्संना विचारलं, आणि ट्रॅक्टर पहिल्यांदा वाळूत उतरला. ओढताना मागची चाकं भरतीच्या पाण्यात जातात. मीठ रिममध्ये, ब्रेकमध्ये, हायड्रॉलिकच्या दांड्यात बसतं. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं नाही तर महिन्याभरात पत्र्याचा पापड होतो. आणि नेमकं त्याच दिवसांत विहिरींनी तळ गाठलेला असतो. पहिल्या वर्षी वन्सं वाडीच्या विहिरीवर गेल्या आणि रांगेतल्या बायकांपुढे बादल्या उपसून ट्रॅक्टर धुवायला लागल्या. सरू म्हणाली, "कुंदाक्का, माझ्या घरात प्यायला नाय आणि तू म्हशीला न्हाऊ घालतंस?" वन्सं थांबल्या नाहीत. सरूने हातातली तांब्याची कळशी फेकली. ती वन्संच्या भुवईवर बसली आणि कातडं फाटलं. मग वन्संनी सरूच्या वेणीला धरून तिला विहिरीच्या कठड्यावर आडवी घातली. मी दुकानातून धावत गेले तेव्हा चौघी मिळून वन्संचा पंजा सोडवत होत्या आणि सरू अशा शिव्या देत होती, ज्या मी तोवर पुरुषांच्या तोंडीही ऐकल्या नव्हत्या. मी सरूला म्हटलं घरी जा, वन्संना म्हटलं खाली बसा, आणि भुवईत हळद दाबली. रक्त थांबलं तशा वन्सं उठल्या. मग म्हणाल्या, "तिचा चुकला नाय. होडी त्यांची, मीठ त्यांचा. मग पाणी माझा कशाला?"

तिथून गावात एक रीत पडली, ती अजून आहे. होडी ओढून हवी असेल तर मोबदला पाण्याचा. ज्याची होडी, त्याच्या घरच्या बाईने आपल्या वाट्याच्या पाण्यातून कळश्या आणायच्या आणि ट्रॅक्टरला ओतायच्या. पाणी नाही तर होडी नाही. दुसऱ्या वर्षी पहिली कळशी सरूचीच आली, तीच, पोचा पडलेली. "घे, तुझ्या म्हशीचा तीर्थ." वन्संनी तिला चहा दिला. त्या दोघींचं जे होतं त्याला मैत्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण सरू आजारी पडली तेव्हा पेज वन्संनीच नेली, आणि ती बेचव आहे म्हणून सरूने ती त्यांच्यासमोर कुत्र्याला घातली.

होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. नाळेला लोखंडी कडी असते, दोर तिला बांधतात. दोर बांधण्याआधी वन्सं प्रत्येक कडी ठोकून बघायच्या आणि दरवर्षी त्यावरून दामू तांडेलांशी वाजायचं, कारण होडीवाले नाळेला देवी मानतात. होडी वर काढण्याआधी तिला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि तिला हातोडी लावणं म्हणजे देवीच्या डोक्यात मारणं. वन्सं म्हणायच्या, "तुझ्या देवीला ठेच लागत नाय, तिच्या नाकातली नथ गंजल्ये ती बघतंय." आणि ठोकायच्या. यंदा दामू तांडेलांचं वर्ष वाईट गेलं होतं. वादळात जाळी गेली, घरातलं एक माणूस गेलं. त्यांनी होडीला नवा निळा रंग दिला होता, कडीलाही दिला होता, आणि नाळेला हार घातला होता. वन्सं हातोडी घेऊन पुढे आल्या तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसाने हात जोडले. "कुंदाक्का, यंदा नको. यंदा तिला मारू नको."  वन्संनी हातोडी कमरेला खोचली आणि त्या ट्रॅक्टरवर जाऊन बसल्या. हे मला दामू तांडेलांनीच सांगितलं, नंतर, आमच्या अंगणात उभं राहून. मला माहीत आहे तेवढ्यात, वन्संनी कोणाचं असं ऐकलेलं हे एकदाच.

होडी अर्धी वर आली आणि वाळूत रुतली. वन्संनी गियर टाकला, नायलॉनचा दोर ताणून ताणून वाजायला लागला, आणि कडी तुटली. ताणलेला नायलॉन सुटला की बेचकीसारखा येतो. कडी बोल्टाच्या तुकड्यासकट वन्संच्या डोक्यात मागून बसली आणि तिथून उजव्या मडगार्डवर आदळली. ती कडी मी हातात घेऊन बघितली. बाहेरून निळी, तुळतुळीत. आत कागदाएवढं लोखंड उरलं होतं, बाकी सगळी तांबडी भुकटी. एक ठोका घातला असता तर 'बद्द' बोलली असती.

पोलीस आले, पंचनामा झाला, वन्संना शवविच्छेदनाला नेऊन दुसऱ्या दिवशी आणलं आणि अग्नी दिला. सासरचं कोणी फिरकलं नाही. ओटीवर पुरुष बसले होते आणि वाद चालला होता, की नांदायला दिलेल्या मुलीचं माहेरी सुतक तीन दिवस की दहा. नवऱ्याने सोडलेली म्हणजे या घरची की त्या घरची? दोन्ही बाजूंना शास्त्र माहीत असलेली माणसं होती. मला खिडकीतून ट्रॅक्टर दिसत होता. वाळूतून ढकलत आणून तो अंगणात लावला होता, आणि रिमवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायला लागला होता. मी पदर खोचला आणि बाहेर आले. थोरल्या काकी म्हणाल्या, "अगो, सुतकात?" मी म्हटलं, "काकी, मिठाला सुतक नाही." हौदात पाणी नव्हतंच. मी रिकामी बादली घेऊन उभी असताना गडग्याच्या पलीकडून सरू आली, कमरेवर ती पोचा पडलेली कळशी. मागून दामू तांडेल, दोन हातांत दोन हंडे.  सरूने ओतलं, मी घासलं. उजव्या मडगार्डवर रक्त वाळलं होतं. तेही त्याच पाण्याने गेलं. ओटीवरचा वाद तेवढ्यात थांबला होता. मोहन उठून म्हणाला, "दहा दिवस. या घरची."

तेराव्यानंतर मात्र तोच म्हणाला, "मला हे डबडं दारात बघवत नाही. भंगारवाल्याला सांगतो." त्याचं दुःख मला कळत होतं. मी ट्रॅक्टरवर चढले, किल्ली फिरवली, आणि दोन आचके देऊन इंजिन लागलं. "चालेल तोवर तिचा, असं तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं. "चालतोय." मग गियरमध्ये टाकून मी किनाऱ्यावर गेले. दामू तांडेलांची होडी अजून अर्धी पाण्यातच होती, लाटा तिला आपटत होत्या. मी वन्संची हातोडी काढली आणि वाळूत ओळीने लागलेल्या होड्यांच्या सगळ्या कड्या ठोकत गेले. 'बद्द' बोलली की तुटेपर्यंत ठोकायची. दोघे-तिघे ओरडत आले, एकाने हात धरला. मी तो झटकला. शेवटी दामू तांडेलांच्या नाळेपाशी आले, तिथे दुकानातून आणलेली नवी कडी बसवली. दामू तांडेल बाजूला उभे होते. म्हणाले, "ठोक." मी ठोकलं. टण बोलली.

यंदाची चिखलणी मी केली. वन्संइतकी सरळ होत नाही, लोक हसतात. उजव्या मडगार्डवर कडीच्या आकाराचा खोल पोचा आहे. मोहन म्हणतो, पोचा काढून घेऊ, लांबी भरून रंग देऊ, दिसणार नाही. मी नाही म्हटलं. तो उघडाच आहे. पावसाच्या हवेत तीन-चार दिवसांत तांबूस होतो. मग मी तारेचा ब्रश घेऊन बसते, पत्रा पांढरा होईपर्यंत घासते, जळक्या ऑइलचं बोट फिरवते, आणि उठण्याआधी हातोडीने एकदा ठोकून ऐकते.